दप्तराची बेगमी

मृग लागण्यापूर्वी कोकणातल्या घरांतून जी धांदल उडते ती आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. कौले चाळून घ्यावयाची, पडवीला झड्या बांधावयाच्या, लाकूडफाटा कोरड्या जागी रचावयाचा. आमसुले, सांडगे, सुकी मासळी, मीठ-मिरची डब्याबरण्यांतून भरून ठेवावयाची. पुढचे चार महिने पावसाचे, म्हणून ही बेगमी. आज आम्ही ज्या विषयावर बोलणार आहोत तो वरवर पाहता यंत्राचा विषय आहे. पण खरे पाहता तो ह्याच बेगमीचा एक राहून गेलेला भाग आहे. बागाइतदाराची आंब्याच्या गिऱ्हाइकांची यादी, मिरकरवाड्याच्या नौकामालकाचा डिझेलचा हिशेब, दुकानदाराची उधारी, घराच्या दस्तांच्या नकला, मुलाबाळांची छायाचित्रे, हे सारे दप्तर आता संगणकात किंवा मोबाईलमध्ये असते. त्याची बेगमी आपल्यापैकी कितीजण करतात?

संगणकवाले ह्याला 'बॅकअप घेणे' म्हणतात. अर्थ साधा आहे: मूळ नाहीसे झाले तरी काम अडू नये म्हणून निराळ्या जागी ठेवलेली नक्कल. ह्या व्याख्येतील 'निराळ्या जागी' हे शब्द महत्त्वाचे आहेत, आणि नेमके तेच आपण विसरतो.

आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण घेऊ. २२ जुलै २०२१ रोजी चिपळुणात वाशिष्ठी आणि शिव ह्या नद्यांचे पाणी शिरले व बाजारपेठेतील तळमजले बुडाले. त्या दिवशी तेथील एस. टी. आगाराचे व्यवस्थापक आगाराची सुमारे ९ लाख रुपयांची रोकड घेऊन कित्येक तास एका गाडीच्या टपावर बसून राहिले, ही हकीकत वर्तमानपत्रांतून आपण वाचली असेल. ते कर्तव्यदक्ष होतेच. पण रोकड ही वस्तूही अशी की ती उचलून टपावर नेता येते. हिशेबाचे काय? गल्ल्याच्या टेबलाखाली ठेवलेला संगणक आणि त्याच टेबलाच्या खणातला पेन ड्राइव्ह, दोन्ही एकाच पाण्यात जातात. अशा दुकानदाराने रोज रात्री नेमाने बॅकअप घेतला असला तरी त्याच्या हाती काही उरत नाही. कारण त्याने नक्कल केली, जागा मात्र बदलली नाही.

आणि नुकसान संगणकाचे नसते. संगणक नवा येतो, मालही पुन्हा भरता येतो. पण कोणाकडून किती येणे आहे ते टिपणच गेले, तर दुकानदाराला गिऱ्हाइकाच्या सचोटीवर विसंबावे लागते. आणि प्रामाणिक गिऱ्हाइकालाही आपण किती देणे लागतो ते नक्की आठवत नाही. विम्याची भरपाई मागावयास जावे तर दुकानात माल किती होता ह्याचा कागद दाखवावा लागतो, आणि तो कागद मालाबरोबरच वाहून गेलेला असतो. त्याच शहरातील लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर ही १८६४ साली स्थापन झालेली संस्था. २००५ च्या आणि पुन्हा २०२१ च्या पुरात तिच्या ग्रंथांची मोठी हानी झाली. छापील पुस्तकाची दुसरी प्रत निदान कोठेतरी मिळण्याची आशा असते. आपल्या जमाखर्चाची दुसरी प्रत जगात कोणाकडेही नसते; ती आपणच निर्माण करावी लागते.

दुसऱ्यांस शहाणपण सांगण्यापूर्वी आमचीही कबुली देतो. वडिलांनी अखेरच्या वर्षी सांगितलेल्या गावाकडच्या आठवणी आम्ही ध्वनिमुद्रित करून एका डिस्कवर ठेवल्या आणि जागा हवी म्हणून मोबाईलमधून काढून टाकल्या. डिस्क एके दिवशी हातातून पडली. त्यानंतर तो आवाज पुन्हा ऐकावयास मिळाला नाही. आज जे सांगत आहोत ते त्या दिवशी शिकलो.

आता फाईली नाहीशा होतात कशा, हे पाहू. पहिले कारण यंत्राची झीज. हार्ड डिस्कमध्ये चकत्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेत असतात आणि वाचणारे टोक त्यांवरून केसाच्या जाडीहून कितीतरी कमी अंतराने तरंगत असते. एक धक्का पुरतो. नव्या एस. एस. डी. मध्ये फिरणारे काही नसते, परंतु तीही वर्षानुवर्षे विजेवाचून कपाटात पडून राहिली तर तिच्यातील विद्युद्भार हळूहळू ओसरू शकतो. दुसरे कारण माणसाची चूक: नको ती फाईल पुसली, किंवा जुन्या हिशेबावर नवा लिहिला. तिसरे कारण चोरी आणि खंडणी. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाचा उपद्रवी प्रोग्राम जगभर पसरला. तो फाईलींना जणू परके कुलूप घालून किल्लीसाठी पैसे मागत असे. असे प्रोग्राम संगणकाला जोडून ठेवलेल्या डिस्कवरील नकलांनाही तेच कुलूप घालू शकतात. आणि चौथे कारण आपल्या परिचयाचे: पाणी, आग, वीज. जेथे पावसाळ्यात ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तेथे दमटपणा हाही एक शत्रूच समजावा.

ही चार कारणे डोळ्यांपुढे ठेवली म्हणजे एक गैरसमज दूर होतो. 'आमचे सगळे गूगलवर आपोआप जाते' असे अनेकजण सांगतात. पण पुष्कळदा ती नक्कल नसून प्रतिबिंब असते. फोटो गूगलवर चढलेला असताना मोबाईलच्या त्याच अ‍ॅपमधून तो पुसला की वरचाही पुसला जातो. कचऱ्याच्या पेटीत तो ६० दिवस राहतो, मग कायमचा जातो. आरशासमोरचा माणूस निघून गेला की आरशातलाही जातो, तसेच हे. शिवाय तेथील फुकट जागा १५ जीबी. टपाल, छायाचित्रे आणि अँड्रॉइड मोबाईलमधील व्हॉट्सअ‍ॅपच्या नकला ह्या सर्वांना मिळून ती एवढीच. ती भरली की पुढची नक्कल होत नाही, आणि आलेली सूचना आपण न वाचता बाजूला सारतो.

मग करावे काय? पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन छायाचित्रकाराने रूढ केलेला एक नियम आता सर्वमान्य झाला आहे: प्रती तीन, साधने दोन, आणि त्यांतली एक प्रत घराबाहेर. म्हणजे मूळ फाईल संगणकात, दुसरी प्रत सुट्या डिस्कवर, आणि तिसरी दूर गावी किंवा इंटरनेटवरील साठवणुकीच्या जागेत. नियम परदेशातला असला तरी आचरायला कोकणी माणसाइतका सोयीचा तो दुसऱ्या कोणाला नसेल. आपले घर पिढ्यान् पिढ्या दोन ठिकाणी आहे: एक गावी आणि एक मुंबईला. चाकरमानी गणपतीला येतो, शिमग्याला येतो. दोन डिस्का घ्याव्यात. एक आपल्याकडे ठेवावी आणि एक त्याच्याबरोबर मुंबईस धाडावी. पुढच्या खेपेला त्याने ती आणावी आणि आपल्याकडची ताजी घेऊन जावी. येथे पूर आला तर तेथे प्रत आहे. तेथे काही झाले तर येथे आहे.

कौटुंबिक छायाचित्रांना आणि दस्तांना एवढे बस्स होते. व्यापाऱ्याचे सहा महिन्यांवर भागणार नाही. त्याने स्वतःला एकच प्रश्न विचारावा: किती दिवसांचा हिशेब मला आठवणीवरून पुन्हा लिहिता येईल? उत्तर 'एका दिवसाचा' असेल तर बॅकअप रोज घ्यावा. मे महिन्यात दिवसाला शेकडो पेट्या रवाना करणाऱ्या बागाइतदाराचे उत्तर बहुधा हेच येईल. रोजची प्रत इंटरनेटवर आपोआप जाईल अशी योजना करावी. आठवड्यातून एकदा सुट्या डिस्कवर घ्यावी आणि काम होताच डिस्क संगणकापासून काढून कोरड्या, बंद डब्यात, वरच्या मजल्यावर ठेवावी. नव्या प्रतीने जुनी पुसू नये. निदान काही आठवड्यांच्या प्रती ओळीने राहू द्याव्यात, कारण चूक कधीकधी महिन्याने ध्यानात येते.

इंटरनेटवर पाठवण्यास वेळ किती लागतो, हेही जाणून घ्यावे. सेकंदाला १० मेगाबिट ह्या गतीने १ टीबी एवढा साठा वर चढवण्यास अखंड नऊ दिवसांहून अधिक लागतात. म्हणून पहिल्या खेपेला धीर धरावा. पुढे रोजची भर काही मिनिटांत जाते. मात्र केवळ इंटरनेटवर विसंबू नये. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे कित्येक दिवस वीज नव्हती आणि मोबाईलही बंद होते, हे आपण पाहिले आहे. अशा वेळी घरातली डिस्कच कामी येते.

डिस्क गावाबाहेर धाडावयाची तर तिला सांकेतिक कुलूप घालावे, म्हणजे वाटेत हरवली तरी परक्याला वाचता येणार नाही. पण त्याचा परवलीचा शब्द घरात निदान दोघांना ठाऊक असावा. कर्त्या माणसाबरोबर तो शब्दही गेला, तर शाबूत डिस्क असून नसल्यासारखीच होते.

आता शेवटची आणि सर्वांत उपेक्षिलेली गोष्ट. टॅलीसारख्या हिशेबाच्या प्रोग्राममध्ये दोन निराळ्या सोयी असतात: एक नक्कल काढण्याची, दुसरी त्या नकलेवरून हिशेब पुन्हा उभा करण्याची. पहिली सर्वांच्या हातवळणी. दुसरी प्रसंग ओढवेपर्यंत कोणी वापरून पाहत नाही. १९९८ मध्ये अमेरिकेतील पिक्सार ह्या चित्रपटसंस्थेत 'टॉय स्टोरी २' च्या फाईली एका चुकीच्या आज्ञेने पुसल्या गेल्या. नकला होत्या; पण त्या काही दिवसांपासून नीट घेतल्याच जात नव्हत्या, आणि ते कोणी तपासले नव्हते. बाळंतपणानंतर घरून काम करणाऱ्या एका अधिकारी बाईंच्या घरच्या संगणकात चित्रपटाची प्रत होती, म्हणून तो वाचला. आपल्या वैदिकांनी ही दक्षता फार पूर्वी ओळखली होती. संहिता पाठ केल्यावरही पद, क्रम, जटा, घन अशा उलटसुलट रचनांनी ते तीच म्हणत, म्हणजे एक अक्षर चुकले तरी कानाला खटकावे. तपासून न पाहिलेली नक्कल ही नक्कल नव्हे, नुसती समजूत आहे. वर्षातून निदान दोनदा जुन्या प्रतीतली चार खाती आणि दहा छायाचित्रे दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावीत.

हे घरगुती शहाणपण आहे, तसे कायद्याचे बंधनही आहे. जीएसटीच्या कायद्याप्रमाणे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात. नोंदणीकृत कंपन्यांना तर २०२२ पासून संगणकावरील हिशेबांची प्रत रोजच्या रोज भारतातील सर्व्हरवर ठेवणे बंधनकारक आहे. छोट्या दुकानदाराला हा दुसरा नियम लागू नसला तरी त्यातला 'रोजच्या रोज' हा भाग त्याने आपण होऊन पाळण्यासारखा आहे.

आपल्याकडे लक्ष्मीपूजनाला वह्यांची पूजा होते. वही हे केवळ धनाचे टिपण नसून चार माणसांनी आपल्यावर टाकलेल्या विश्वासाचे टिपण आहे, असाच भाव त्यामागे असला पाहिजे. आता वहीच्या जागी संगणकाला हळदकुंकू वाहिले जाते. त्या दिवशी पूजा आटोपल्यावर एक प्रत घ्यावी आणि मागची एक उघडून पाहावी. आर्थिक वर्षाच्या अखेरीस, ३१ मार्चला, पुन्हा तेच करावे. जगात हा दिवस २०११ पासून बॅकअपचा दिवस म्हणून पाळतात, हा एक सोयीचा योगायोग. आणि यंदाच्या पावसाळ्यासाठी मात्र तितके थांबू नये. मृगाला थोडे दिवस उरले आहेत. कौले चाळून झाली असतील, तर आज घरी गेल्यावर हेही काम हाती घ्यावे.