टाकीतला आपला ऊस आणि आपली फेरी

गाळप सुरू झाले की काट्यासमोरच्या चहाच्या टपरीवर गप्पांना ऊत येतो. उसाचा दर, उतारा, तोडीची पाळी हे विषय जुनेच. अलीकडे त्यांत आणखी एकाची भर पडली आहे. "आता पेट्रोलमधी आपल्याच उसाचं इथेनॉल हाय. मग गाडी कितीबी फिरवा, पैसा फिरून आपल्याच घरात!" असे कोणी तरी म्हणतो आणि बाकीचे माना डोलावतात. या बोलण्यात खरे किती आणि मनाचे समाधान किती, हे या लेखात पाहण्याचे आम्ही ठरविले आहे. ऊस काट्यावर घातल्याशिवाय त्याचे वजन कळत नाही. या बोलण्याचेही तसेच आहे.

प्रथम त्यातले खरे सांगतो. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा प्रायोगिक प्रकल्प केंद्र सरकारने २००१ साली तीन ठिकाणी सुरू केला. त्यांतली दोन ठिकाणे महाराष्ट्रातली, मिरज आणि मनमाड. तिसरे उत्तर प्रदेशात बरेलीकडचे. म्हणजे या कामाचा नारळ आपल्या सांगली जिल्ह्यातही फुटला, याचा आपण अभिमान बाळगला तर त्यात वावगे काही नाही. २००३ च्या जानेवारीपासून नऊ राज्यांत ५ टक्के मिश्रण सुरू झाले. पुढे गाडी बरीच वर्षे रखडली. अखेर जून २०२२ मध्ये १० टक्क्यांचा आणि २०२५ साली २० टक्क्यांचा टप्पा गाठला गेला. ब्राझील देशाने हाच रस्ता १९७३ च्या तेलटंचाईनंतर, १९७५ साली धरला होता. आपला देश लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल बाहेरून आणतो. त्यामुळे अर्कशाळेतून निघणारा प्रत्येक लिटर देशाच्या कामी येतो आणि उसाच्या दरालाही आधार देतो. याबद्दल दुमत नाही.

आता हिशेबाची दुसरी बाजू पाहू.

एक टन ऊस गाळला की साधारण ४० ते ४५ किलो मळी मिळते. साखर पूर्ण काढून घेतलेल्या, म्हणजे सी हेवी मळीच्या एका टनापासून सुमारे २२५ लिटर इथेनॉल होते. म्हणजे एका टन उसाच्या वाट्याला सुमारे १० लिटर आले. साखर न करता थेट रसापासून केले तर टनाला सुमारे ७० लिटर मिळते, पण मग तेवढी साखर हातची गेली. शिवाय टाकीतले सगळेच इथेनॉल उसाचे नसते. डिसेंबर २०२३ मध्ये साखरेचे उत्पादन घटण्याच्या भीतीने रस आणि बी हेवी मळीच्या वापरावर केंद्राने बंधने घातली, आणि २०२३-२४ या वर्षात मका व तांदळापासूनच्या इथेनॉलचा वाटा उसापेक्षा मोठा झाला. तेव्हा 'आपल्याच उसाचं' हे म्हणणे अर्धेच खरे.

आता एक नेहमीचे उदाहरण घेऊ. एक सभासद रोज मोटारसायकलवरून १२ किलोमीटरवरच्या तालुक्याच्या गावी जातो आणि परत येतो. महिन्याचे २५ दिवस धरले तर ६०० किलोमीटर झाले. निव्वळ पेट्रोलवर गाडी लिटरला ५० किलोमीटर देत असेल तर १२ लिटर लागतील. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश शक्ती कमी असते. म्हणून २० टक्के मिश्रणावर जुनी मोटारसायकल ३-४ टक्के कमी पळते. म्हणजे साडेबारा लिटरच्या आतबाहेर मिश्रण लागले. त्यात अडीच लिटर इथेनॉल आणि १० लिटर खनिज पेट्रोल. थोडक्यात, मिश्रणाने १२ लिटरचे १० लिटर झाले.

पण याच सभासदाने तीन फेऱ्यांतली एक फेरी वाचवली असती, तर मिश्रण नसतानाही १२ चे ८ लिटर झाले असते! अर्कशाळेने जेवढे साधले त्याच्या दुप्पट त्याने एकट्याने, काही खर्च न करता साधले असते. लिटरला शंभर रुपये धरले तर महिन्याला चारशेच्या वर, वर्षाला पाच हजारांच्या आसपास रुपये खिशात राहिले असते. आणि वर्षभर गाडी पळवून त्याने जाळलेले इथेनॉल किती? सुमारे ३० लिटर. सगळे उसाचेच धरले तरी तीन टन उसाच्या मळीचे. तेवढ्यासाठी १२० लिटर परदेशी तेल जाळायचे, याला 'पैसा घरात' म्हणायचे का, हे सभासदांनीच ठरवावे.

आता धुराचे पाहू. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड वायू हवेत जातो, डिझेलच्या लिटरमागे सुमारे २.७ किलो. या वायूने हवा तापते. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते, आणि धरलेले बाष्प एकदम कोसळते तेव्हा काय होते ते कृष्णाकाठाने पाहिले आहे. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत उभा ऊस पाण्याखाली कुजला. महापुराला कारणे अनेक असतात, त्याचा सगळा दोष मोटारसायकलीवर टाकणे बरोबर नाही. पण पावसाचे तंत्र बिघडले की सर्वांत आधी शेतकऱ्यालाच झळ लागते, हेही खरे.

यावर कोणी म्हणेल, इथेनॉलचा धूर ऊस पुन्हा शोषून घेतो. बरोबर आहे. परंतु उसाला खत लागते, ट्रॅक्टर लागतो आणि मुख्य म्हणजे पाणी लागते. निती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात उसापासूनच्या एक लिटर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी धरले आहे. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या योजनांचे पाणी विजेच्या पंपांनी टप्प्याटप्प्याने उचलून खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, जतकडे जाते. त्या पाण्याची किंमत दुष्काळी भागातल्या सभासदांना आम्ही काय सांगावी? टाकीतले इथेनॉल फुकटचे नाही, म्हणून ते वाया घालवायचे नाही.

मग करायचे काय? गाडी सोडून द्या, असे आम्ही सांगणार नाही. खेड्यातल्या माणसाला गाडीशिवाय अडते, रात्री-अपरात्री दवाखान्याला ती देवासारखी उपयोगी पडते. पण गाडी दारात आल्यापासून एक जुनी चांगली सवय मोडली, ती म्हणजे बाजारच्या दिवसाची. आपले वाडवडील आठवड्यातून एकदा बाजाराला जात. त्याच फेरीत मीठ-मिरची, पाभरीचा फाळ, कचेरीचे काम, पाव्हण्याची भेट असे सगळे उरकून येत. आता सकाळी खताची चौकशी, दुपारी बँक, संध्याकाळी राहिलेला एक कागद, अशा तीन फेऱ्या होतात. ऊसनोंद, सातबारा, पासबुक, आधार यांच्या झेरॉक्स एका पिशवीत कायम ठेवा. गट ऑफिसला जाण्याआधी फोन करा. शेजाऱ्याला "जातोय तालुक्याला, काय आणू का?" एवढे विचारा. निम्म्या फेऱ्या इथेच वाचतील.

दुसरी गोष्ट सोबतीची. एक लिटर इंधनात किती माणसे किती लांब जातात ते पाहा. मोटारीत एकटा माणूस १५ किलोमीटर जातो. मोटारसायकलवर एकटा ५० जातो, दोघे असले तर लिटरचे काम जवळजवळ दुप्पट होते. एसटी लिटरला पाचच किलोमीटर जाते, पण चाळीस माणसे घेऊन. म्हणजे दोनशे माणूस-किलोमीटर झाले. हीच एसटी पाच माणसांवर धावली तर हिशेब २५ वर येतो. म्हणून आपण बसलो नाही तर एसटी तोट्यात जाते, तोट्यात गेली की फेरी बंद होते, आणि फेरी बंद झाली की शाळेच्या मुलींचे हाल होतात. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे, आणि ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे. त्याचा लाभ घरच्यांना जरूर घेऊ द्या.

तिसरी गोष्ट सायकल. आपल्या भागाला ती परकी नाही. कुंडलजवळच्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचा पहिला उद्योग म्हणजे १८८८ साली बेळगावात काढलेले सायकलींचे दुकान! दोन-तीन किलोमीटरवरच्या मळ्याला, डेअरीला सायकलने जाण्यात कमीपणा कसला?

विजेच्या दुचाकीबद्दल बरेच सभासद विचारतात. ६०० किलोमीटरला तिला सुमारे २० युनिट वीज पुरते. आपली वीज बहुतांशी कोळशाची असल्याने त्यामागे १४ किलोच्या आसपास वायू सुटतो. मिश्रण पेट्रोलवरच्या मोटारसायकलीच्या १० लिटर खनिज पेट्रोलमागे २३ किलो. छपरावर सौर पॅनेल असतील तर आणखी बरे. मात्र चालू स्थितीतली गाडी केवळ हौसेने मोडीत काढू नका, नवी घेण्याची वेळ आली की विचार करा. आणि चार्जिंग घरच्या मीटरवर करा, शेतीपंपाच्या जोडणीवर नको.

जाता जाता जुन्या गाड्यांविषयी. एप्रिल २०२३ नंतर तयार झालेल्या गाड्यांचे भाग २० टक्के मिश्रणाला सोसणारे आहेत. त्याआधीच्या गाडीची रबरी नळी आणि वॉशर सर्व्हिसिंगच्या वेळी तपासून घ्या. इथेनॉल पाणी ओढते, म्हणून पावसाळ्यात टाकीचे झाकण घट्ट ठेवा आणि गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नका. चाकात हवा कमी असली की तेल जास्त जाते, ती पंधरा दिवसांनी बघा.

सभासद बंधू-भगिनींनो, उसाचे टिपरू शेतात राहिले तर आपला जीव हळहळतो. आपण खाली वाकून ते उचलतो आणि मोळीत घालतो. टाकीतले इथेनॉलही त्याच उसाचे आहे. ते जपून वापरा. उद्या सकाळी गाडीला किक मारण्याआधी घरात एकदा विचारा, "आणखी काय काम हाय का तिकडं?" एवढे केले तरी आमच्या लेखाचे चीज झाले असे आम्ही समजू.