पस्तिसाव्या दिवसानंतर

मुक्तांगणच्या जन्माची गोष्ट मराठी वाचकांना नवी नाही. ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात गर्दचे, म्हणजे ब्राउन शुगरचे, लोण पसरत होते. अनिल अवचटांनी त्यावर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले आणि त्यांनी एक लाख रुपये देऊ केले. येरवड्याच्या मनोरुग्णालयात डॉक्टर असलेल्या सुनंदा अवचटांनी त्याच आवारात २९ ऑगस्ट १९८६ रोजी केंद्र सुरू केले. उपचारांचा मुक्काम पस्तीस दिवसांचा. पुढे पुण्यात आणि राज्यभर अशी अनेक केंद्रे निघाली.

या केंद्रांत चालणाऱ्या एका कामाबद्दल मात्र फारसे लिहिले जात नाही. डॉक्टर शरीर पाहतो, समुपदेशक मनाशी बोलतो. पण रिक्षाचा थकलेला हप्ता, रजेचा अर्ज, माहेरी निघून गेलेली बायको, शाळेत जायचे टाळणारा मुलगा हे सगळे एका हातात कोणी धरायचे? परदेशात यासाठी ‘केस मॅनेजर’ असे स्वतंत्र पद असते. आपल्याकडे बहुधा समाजकार्याची पदवी घेतलेला कार्यकर्ता किंवा समुपदेशकच ते काम करतो आणि पगारपत्रकावर त्याचे नाव वेगळे दिसत नाही. ‘केस’ हा शब्द मला स्वतःला खटकतो, कारण त्याला कोर्टाचा वास येतो. पण फाईल उघडली की ती सहज बंद करता येत नाही, हा अर्थ त्यात आहे आणि या कामाचे मर्म तेच आहे.

समजा, धनकवडीचा चाळिशीतला एक रिक्षावाला भावाबरोबर आला आहे. नवख्या कार्यकर्त्याच्या तोंडी पहिला प्रश्न येतो, “का पिता?” मुरलेला विचारतो, “शेवटची कधी घेतली? किती वाजता?” रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की सहा ते चोवीस तासांत हात थरथरू लागतात, पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम होऊ शकतो. भिंतीवर किडे दिसतात, माणूस कुणाशी तरी भांडत सुटतो. वेळीच औषध मिळाले नाही तर हे जिवावर बेतते. “निर्धार करून घरातच कोंडून घेतले” अशा कथा आपण कौतुकाने सांगतो. जुन्या मद्यपीच्या बाबतीत तो निर्धार धोक्याचा असतो.

मग हकिगत. ती दोन तोंडांनी, वेगवेगळी बसवून घ्यावी लागते. नवरा म्हणतो, “कधीमधी, क्वार्टर.” बायको म्हणते, “सकाळी दात घासायच्या आधी लागते.” दोघांतले कोणी मुद्दाम खोटे बोलत असेलच असे नाही. नवऱ्याला खरोखरच आठवत नसते, आणि बायको गेली दहा वर्षे मोजत आलेली असते. त्यानंतर कर्जाची यादी होते: फायनान्स कंपनी, भिशी, मेहुणा, कोपऱ्यावरचा किराणावाला. ही यादी मला उपचारांइतकीच महत्त्वाची वाटते. केंद्रातून बाहेर पडलेल्या माणसाला दारूचे दुकान दिसण्याआधी पुष्कळदा देणेकरीच दिसतात.

इथे एक आडकथा सांगायला हवी. “त्याच्या नकळत चहात टाका” अशा चूर्णाच्या जाहिराती आपण भिंतींवर पाहतो. काही घरांत डायसल्फिरामच्या गोळ्याही अशाच चोरून दिल्या जातात. हे औषध १९४०च्या दशकात डेन्मार्कमध्ये पुढे आले. ते घेतलेल्या माणसाने दारू प्यायली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळू शकतो. म्हणून ते डॉक्टरच्या देखरेखीखाली आणि रुग्णाच्या संमतीनेच द्यायचे असते. बायको विचारते, “ताई, सांगितलं तर तो घेणारच नाही. मग काय करू?” ताईकडे सोपे उत्तर नसते. त्या दोघांना समोरासमोर बसवतात, आणि गोळी कोणी, किती वाजता, कोणासमोर घ्यायची हे ठरवतात. कधी कधी ठरतही नाही.

पस्तिसाव्या दिवशी माणूस घरी जातो, चेहऱ्यावर तजेला असतो, आई दृष्ट काढते. या कामाची कठीण बाजू इथे सुरू होते. गर्द घेणाऱ्याच्या बाबतीत तर पहिले काही आठवडे सर्वांत धोक्याचे. बंद काळात शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, पण हाताला जुनीच मात्रा आठवते. पूर्वी जी सहज पचत होती, तिनेच आता श्वास थांबू शकतो. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवावे लागते, आणि हे सांगणे म्हणजे त्यांच्या आनंदावर विरजण घालणे. ते ज्याला जमते तोच इथे टिकतो.

कार्यकर्त्याच्या भिंतीवरचे कॅलेंडरही निराळे असते. पगाराची तारीख, गटारी, विसर्जनाचा कोरडा दिवस (आदल्या दिवशी साठा होतो म्हणून), दिवाळीचा बोनस, एकतीस डिसेंबर. या तारखांच्या आधी फोन करायचे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बैठकांत भूक, राग, एकटेपणा आणि थकवा यांपासून जपायला सांगतात. दिवसभर रिक्षा चालवून रात्री अकराला रिकाम्या घरी परतणाऱ्याला हे चारही एकदमच भेटतात. म्हणून “इच्छाशक्ती ठेव” म्हणण्यापेक्षा कार्यकर्ता विचारतो, “संध्याकाळी सात ते दहा कुठे असणार?”

बायकोचे काय? नवऱ्याला ताप आहे असे मालकाला खोटे कळवणे, उसनवारी फेडणे, शेजाऱ्यांपासून लपवणे, हे तिने प्रेमापोटी किंवा भीतीपोटी वर्षानुवर्षे केलेले असते. मुक्तांगणमध्ये अशा पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट आहे. तिथे तिला पहिल्यांदा कळते की नवऱ्याच्या पिण्याला ती कारण नाही. मारहाण होत असेल तर मात्र समेटाची घाई करायची नसते. आधी तिची आणि मुलांची सुरक्षितता पाहायची, आणि २००५चा कौटुंबिक हिंसाचाराविरोधातला कायदा तिला समजावून सांगायचा. ‘संसार जुळवला’ याचे श्रेय घेण्याच्या मोहात चांगले कार्यकर्तेही इथे चुकतात.

मालकाचा फोन येतो, “आमचा माणूस तुमच्याकडे आहे ना?” हो किंवा नाही, काहीच सांगायचे नसते. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्था मानसिक आजारांत धरल्या आहेत आणि रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. अमली पदार्थांच्या १९८५च्या कायद्यातही स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनीला काही अटींवर खटल्यापासून संरक्षण देणारे कलम ६४अ आहे. पोलिसांच्या भीतीने दार न ठोठावणाऱ्या पोरांना हे कलम क्वचितच कोणी सांगते.

या सगळ्यासाठी माणसे किती आहेत? केंद्र सरकारने ‘एम्स’कडून करून घेतलेल्या आणि २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच काहीएक उपचार मिळाले होते, आणि दाखल होऊन उपचार १८० जणांत एकाला. जे आले, त्यांतले अनेक पुन्हा घसरतात. मधुमेहात साखर वाढली की आपण डॉक्टरला दोष देत नाही. इथे मात्र “फुकट गेले पैसे” असे घरचे म्हणतात, आणि रुग्ण लाजेने तोंड लपवतो. त्याने ते लपवू नये, यासाठीच पाठपुरावा असतो. घसरल्यावर तिसऱ्या दिवशी फोन केला तर परत येणे सोपे, तिसऱ्या वर्षी फार अवघड.

फोन करणारा अनेकदा स्वतः त्या वाटेने गेलेला असतो. व्यसनातून बाहेर आलेल्यांनाच कामावर घेण्याची पद्धत मुक्तांगणने रुजवली. त्याला बहाणे ओळखता येतात, पण दर घसरणाऱ्यात त्याला स्वतःचाच चेहरा दिसतो. त्याच्याही पाठीशी कोणी असावे लागते, आणि याची तरतूद प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात सहसा नसते.

धनकवडीच्या त्या माणसाची पाठपुराव्याची नोंद साधारण अशी असेल: पहिला आठवडा, आला. दुसरा, आला, झोप नाही. महिना, पत्नी आली, तो नाही. दिवाळीच्या आधी तीन फोन, उचलले नाहीत. भावाला फोन केला. पुढची तारीख, भाऊबीजेनंतरचा सोमवार.