एका मनोऱ्यावरचे दोन रिपीटर

हौशी बिनतारीचा नाद ज्या घरांत शिरला आहे, तेथील मंडळींस रिपीटर म्हणजे काय हें सांगावयास नको. इतरांसाठीं एवढेंच कीं, हातांतल्या लहान संचाची लहर टेकड्यांपलीकडे पोंचत नाहीं. म्हणून उंच जागीं मनोऱ्यावर एक यंत्र बसवितात. तें एका कंपनसंख्येवर ऐकतें आणि त्याच क्षणीं दुसरीवर तेंच मोठ्यानें बोलून दाखवितें. आपल्याकडे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांत या दोहोंमध्यें सामान्यतः ०.६ चें अंतर राखतात.

उंच जागा थोड्या, मनोरा उभारणें खर्चाचें. तेव्हां दोन मंडळांचे रिपीटर एकाच मनोऱ्यावर नांदूं लागतात. मग एकत्र कुटुंबांतल्यासारखेंच होतें. माजघरांतलें बोलणें ओसरीवर ऐकूं येतें आणि कागाळ्या सुरू होतात! अशीच एक कागाळी मिटविण्यास आम्ही मध्यंतरीं गेलों होतों. दुसऱ्या रिपीटरवरील संभाषण संपलें तरी, पहिल्यावर कोणी बोलत असेपर्यंत तो गप्प बसेना. आपलेंच बोलणें उगाळीत राही. प्रत्येक मंडळ दुसऱ्यास दोष देई. यंत्रें तपासलीं, तों दोन्ही निर्दोष.

आम्हीं कागद-पेन्सिल घेतली. पहिला १४५.०२५ वर ऐकून १४५.६२५ वर बोले, दुसरा १४५.१०० वर ऐकून १४५.७०० वर. आतां पहिल्याकडे येणारी लहर आणि दुसऱ्याची जाणारी लहर यांची बेरीज करून पहिल्याची जाणारी लहर वजा करावी: १४५.०२५ + १४५.७०० − १४५.६२५ = १४५.१००. म्हणजे नेमका दुसऱ्याचा कान! दोघांचें अंतर सारखें असलें कीं आंकडे कोणतेही घ्या, उत्तर हेंच येणार.

परंतु लहरी नुसत्या हवेंत भेटल्यानें असें मिश्रण होत नाहीं. त्यास ठिकाण लागतें. तें ग्राहकयंत्राच्या तोंडाशीं असेल, प्रक्षेपकाच्या शेवटच्या टप्प्यांत असेल, किंवा गंजलेल्या सांध्यांत असेल. पूर्वीच्या स्फटिकाच्या रेडिओंत खडा आणि तार जें काम करीत, तेंच गंज करितो.

यांतलें कोणतें, हें ओळखण्याची युक्ति मोठी सुबक आहे. ग्राहकयंत्राच्या तोंडाशीं ३ डेसिबेलचा क्षीणक जोडावा. नको असलेली लहर ३ नेंच उतरली, तर मिश्रण बाहेर होत आहे. ९ नें उतरली, तर तें यंत्राच्या आंतच होत आहे, कारण तिन्ही लहरी प्रत्येकीं ३ नें उतरतात. येथें ती ३ नेंच उतरली. मग दोन्ही प्रक्षेपकांस आयसोलेटर लावून पाहिले. एरियलमार्गें परत येणारी परकी लहर हें साधन वाटेंतच जिरवितें. तरी फरक नाहीं.

एका तरुण गृहस्थांनीं सुचविलें कीं, सांकेतिक टोन असल्याखेरीज कान उघडूंच नये अशी योजना करावी. तिनें गोंगाट लपतो, पण लहर तेथेंच राहते आणि दूरची क्षीण हांक तिच्याखालीं बुडते. २६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपांत दूरध्वनि बंद पडले, तेव्हां हौशी मंडळींनींच निरोप पोंचविले होते. अशा वेळची हांक बुडून कसें चालेल?

शेवटीं मनोऱ्याच्या पायावर लांकडी हातोड्यानें ठोके दिले. प्रत्येक ठोक्यासरशीं ग्राहकयंत्रांत खरखर उठली! दोन्ही प्रक्षेपक बंद करून गडी वर चढला, तों मध्यावर एका जुन्या एरियलची लोखंडी पट्टी अडकून राहिलेली, गंजून तांबडी झालेली. एरियल केव्हांच गेलें होतें. पट्टी काढली, खालचा धातु घांसून स्वच्छ केला. संध्याकाळीं दोन्ही रिपीटरांवर एकदम बोलून पाहिलें. दुसरा वेळच्या वेळीं गप्प झाला.

ती पट्टी कोणीं लावली होती, हें मात्र दोन्ही मंडळांतल्या वडीलधाऱ्यांस आठवेना.