हिवाळ्यातील मूळभाज्या : जमिनीतील साठवण व तिची प्रायोगिक कसोटी

समशीतोष्ण देशांत गाजर, बीट, पार्सनिप इत्यादी मूळभाज्या शरद ऋतूत काढून तळघरात वाळूमध्ये रचून ठेवण्याचा प्रघात जुना आहे. त्याचबरोबर पीक जमिनीतच राहू द्यावे आणि गरजेप्रमाणे उपटावे, ही रीतही ब्रिटन व ईशान्य अमेरिका येथील बागायतदारांत रूढ आहे. थंडी पडून गेल्यावर पार्सनिप अधिक गोड लागते, हा तेथील सर्वपरिचित अनुभव होय. यावरून असे सांगितले जाते की, मुळातील शर्करा त्याला गोठू देत नाही आणि म्हणूनच ते हिवाळ्यात तग धरते. हे स्पष्टीकरण कितपत पुरेसे आहे हे पाहिल्यावाचून अशा लागवडीचा प्रयोग नीट आखता येणार नाही.

प्रथम ‘हिवाळ्यातील वाढ’ या शब्दप्रयोगाचाच विचार केला पाहिजे. अमेरिकेतील मेन राज्यात, सुमारे ४४ अंश उत्तर अक्षांशावर, एलियट कोलमन यांनी हिवाळी भाजीपाल्यावर दीर्घकाळ काम केले. दिवस दहा तासांहून लहान झाला की बहुतेक पिकांची वाढ जवळजवळ थांबते, हे त्यांचे निरीक्षण प्रसिद्ध आहे. त्या अक्षांशावर हा काळ सुमारे ५ नोव्हेंबर ते ५ फेब्रुवारी असा येतो. अर्थात मुळाचे पोषण त्यापूर्वीच पूर्ण झालेले असावे लागते. यापुढे शेत हे उत्पादनाचे नव्हे, तर साठवणीचे स्थान ठरते. म्हणून पेरणीची तारीख हा अशा प्रयोगातील पहिला निर्णायक घटक होय.

आता शर्करेच्या कार्याकडे वळू. १,००० ग्रॅम पाण्यात ३४२ ग्रॅम सुक्रोज विरघळविल्यास पाण्याचा गोठणबिंदू सुमारे १.८६ अंश सेल्सिअसने खाली येतो. तितक्याच पाण्यात १०० ग्रॅम सुक्रोज असल्यास ही घट अवघी अर्ध्या अंशाच्या आसपास भरते. इतर विद्राव्य द्रव्ये धरूनही गाजराचा गोठणबिंदू शून्याखाली सुमारे १.४ अंश इतकाच असतो. पेशींबाहेर बर्फ होऊ लागल्यावर आतील पाणी बाहेर ओढले जाते. त्या वेळी शर्करा पेशीपटलांचे काही अंशी रक्षण करते, हे खरे. तथापि हवेचे तापमान शून्याखाली पंधरा अंशांवर गेले असता मूळ सुखरूप राहते, याचा उलगडा केवळ एवढ्याने होत नाही.

खरे संरक्षण मातीचे असते. एक ग्रॅम पाणी गोठताना सुमारे ८० कॅलरी उष्णता बाहेर पडते; त्यामुळे ओलसर मातीचे तापमान शून्याजवळ बराच काळ रेंगाळते. पेंढ्याचे आच्छादन किंवा हिमाचा भुसभुशीत थर यांत कोंडलेली हवा उष्णतेची मंदवाहक असल्याने खालच्या मातीतील उष्णता सावकाश निघून जाते. पृष्ठभागाबाहेर डोकावणारा मुळाचा माथा मात्र या संरक्षणाला मुकतो. म्हणून त्यावर मातीची भर देणे इष्ट ठरते. उलटपक्षी, पाणी साचणाऱ्या भूमीत थंडीपेक्षा कुजण्याचेच भय अधिक असते आणि जाड आच्छादनाखाली उंदरांना आयता आसरा मिळतो.

गोडीच्या बाबतीतही सर्व मूळभाज्या एका मापाने मोजता येत नाहीत. पार्सनिपमध्ये स्टार्चचा साठा असतो व थंडीत त्याचे शर्करेत रूपांतर होते. गाजरात स्टार्च अल्प असतो. कमी तापमानात वाढलेल्या गाजरात उग्र चवीची टर्पीन द्रव्ये कमी असल्यानेही ते गोड भासते. शिवाय मुळातील पाणी घटले तरी शर्करेचे शेकडा प्रमाण वाढल्यासारखे दिसते. म्हणून मापन शुष्क वजनाच्या आधारे करणे अवश्य आहे.

या साठवणीला वसंत ऋतू मर्यादा घालतो. गाजर द्विवर्षायू असून थंडीचा पुरेसा काळ मिळाल्यावर त्याचा फुलोरा वर येतो आणि मूळ काष्ठमय होते. थंडीच्या या परिणामाचा, म्हणजे वासंतीकरणाचा, राय धान्यावरील पद्धतशीर अभ्यास गास्नर यांनी १९१८ साली प्रसिद्ध केला. जिबरेलिन दिल्यास गाजर थंडीवाचूनही फुलते, हे अँटन लांग यांनी १९५७ साली दाखविले. भारतीय मैदानांत नेमकी उलट अडचण उद्भवते. नांत्ससारख्या युरोपीय जातींना येथे पुरेशी थंडी मिळत नसल्याने त्यांचे बीजोत्पादन कुलू खोऱ्यासारख्या थंड प्रदेशात करावे लागते. आशियाई जाती मात्र मैदानात बी धरतात. पुण्याच्या अक्षांशावर सर्वांत लहान दिवसही सुमारे अकरा तासांचा असल्याने दख्खनचा हिवाळा हा वाढीचाच काळ ठरतो.

सारांश, असा प्रयोग करताना पेरणीच्या तारखा आणि आच्छादनाचे प्रकार यांची वाफ्यांत यादृच्छिक मांडणी करावी व आच्छादनविरहित वाफेही राखावेत. तापमान हवेत न मोजता मुळाच्या खोलीवर मोजावे. ठराविक अंतराने नमुने काढताना सडलेली मुळेही मोजणीत धरावीत. केवळ शाबूत मुळांचे वजन व गोडी नोंदविल्यास जगलेल्यांचेच गुण पद्धतीच्या नावावर जमा होतील. ‘थंडीने मूळ गोड झाले’ आणि ‘गोड असल्याने मूळ तगले’ ही दोन भिन्न विधाने आहेत. पहिल्याच्या सत्यतेवरून दुसरे सिद्ध होत नाही.