वाळवंटी सीमेवरील मानवतावादी साहाय्य

अमेरिकेची संयुक्त संस्थाने व मेक्सिको यांमधील वाळवंटी सीमा पायी ओलांडणारे स्थलांतरित तहानेने व उष्माघाताने मृत्युमुखी पडू नयेत, म्हणून स्वयंसेवकांनी चालविलेले कार्य. ही सीमा सु. ३,१४५ किमी. लांबीची असून ॲरिझोना राज्यालगतचा तिचा बराचसा भाग सोनोरन वाळवंटातून जातो. प्रस्तुत कार्य मुख्यत्वे याच भागात, टूसॉन शहराच्या परिसरात वाढले.

पार्श्वभूमी : १९९३-९४ पासून संयुक्त संस्थानांनी एल पॅसो, सॅन दिएगो इ. शहरांलगतचा पहारा कडक केला. उरलेल्या सीमेवर वाळवंट हाच अडसर ठरेल, अशी अपेक्षा होती. तथापि स्थलांतर थांबले नाही; त्याचे मार्ग मात्र निर्जन प्रदेशाकडे वळले. तेथे उन्हाळ्यात तापमान ४०° से. च्या वर जाते व वाटचालीस अनेक दिवस लागतात. एक लिटर पाण्याचे वजन एक किग्रॅ. असल्याने पुरेसे पाणी बरोबर नेणे कोणासही शक्य नसते. परिणामी अनेकांवर गुरांच्या टाक्यांतील दूषित पाणी पिण्याची वेळ येते. मे २००१ मध्ये युमानजीकच्या वाळवंटात एकाच गटातील १४ जण मरण पावले. दक्षिण ॲरिझोनात २००० नंतर ४,००० हून अधिक स्थलांतरितांचे मृतदेह वा अवशेष सापडले असून त्यांतील अनेकांची ओळख पटलेली नाही.

संस्था व कार्यपद्धती : टूसॉनमधील एका प्रेसबिटेरियन चर्चने १९८२ मध्ये मध्य अमेरिकेतील निर्वासितांना उघडपणे आश्रय दिला होता. त्या परंपरेतूनच पुढील संस्थांना प्रेरणा मिळाली. ‘ह्यूमेन बॉर्डर्स’ (२०००) ही संस्था परवानगी घेऊन पाण्याची पिंपे ठेवते व ती दुरून दिसावीत म्हणून उंच निळे ध्वज उभारते. ‘टूसॉन समॅरिटन्स’ (२००२) व ‘नो मोर डेथ्स’ (२००४) यांचे स्वयंसेवक पायवाटांवर पाणी व अन्न ठेवतात, प्रथमोपचार करतात आणि बेपत्ता व्यक्तींचा शोध घेतात. मृत्यूंच्या स्थळांचे नकाशे पाहून पाण्याच्या जागा ठरविल्या जातात.

कायदेशीर वाद : बेकायदा प्रवेश केलेल्यांना लपविणे वा त्यांची वाहतूक करणे हा संयुक्त संस्थानांत गुन्हा आहे. तहानलेल्यास पाणी देणे या व्याख्येत कितपत बसते, हा वादाचा मुद्दा ठरला. अभयारण्यात पाण्याच्या भरलेल्या बाटल्या ठेवणाऱ्या एका स्वयंसेवकास कचरा टाकल्याबद्दल २००८ मध्ये दोषी ठरविण्यात आले. अपील न्यायालयाने २०१० मध्ये तो निर्णय रद्द केला. दोन स्थलांतरितांना अन्न, पाणी व आसरा दिल्याबद्दल २०१८ मध्ये अटक झालेल्या दुसऱ्या एका स्वयंसेवकाविषयी पहिल्या ज्यूरीत एकमत झाले नाही; नोव्हेंबर २०१९ मध्ये दुसऱ्या ज्यूरीने त्यास निर्दोष ठरविले.

अशा साहाय्यामुळे बेकायदा प्रवेशास उत्तेजन मिळते, असा आक्षेप घेतला जातो. उलट, लोक दारिद्र्य व हिंसाचार यांमुळे घर सोडतात, वाटेवरील पाण्याच्या आशेने नव्हे, असे स्वयंसेवकांचे म्हणणे आहे. हे कार्य स्थलांतराची कारणे दूर करू शकत नाही. त्याचे यश मोजणेही अवघड आहे. कारण मृतांची नोंद होते, पाण्यामुळे वाचून पुढे गेलेल्यांची होत नाही.