शिध्याचे धान्य आणि सकस ताट

आहाराविषयी आपल्या समाजात जितका सूक्ष्म विचार झाला आहे, तितका क्वचितच अन्यत्र झाला असेल. काय खावे, काय वर्ज्य करावे, सूर्यास्तापूर्वी का जेवावे, भुकेपेक्षा दोन घास कमी का घ्यावेत, धान्य निवडताना जयणा कशी पाळावी, हे सारे आपल्या घरांत लहानपणापासून शिकवले जाते. मात्र जे कुटुंब महिन्याच्या धान्यासाठी सरकारी स्वस्त धान्य दुकानावर अवलंबून आहे, त्याने हाच आहारविवेक सांभाळून सकस कसे जेवावे, या प्रश्नाची चर्चा आपल्या व्यासपीठांवर फारशी होत नाही. जैन म्हटला की पेढी, दुकान आणि सुबत्ता, हे चित्र इतके रूढ झाले आहे की त्या चौकटीबाहेरची घरे आपल्याच नजरेतून सुटतात.

वरणगावसारख्या गावांत ही घरे नजरेआड करता येत नाहीत. भुसावळ तालुक्यातील हे गाव. जवळच तापीवरील हतनूर धरण, गावाला लागून आयुध निर्माणी, चहूकडे केळीच्या बागा आणि कापसाची शेते. अशा गावांत उलाढाल मोठी असली तरी तिचा वाटा प्रत्येक उंबरठ्यापर्यंत पोहोचतोच असे नाही. किरकोळ किराणा दुकान मोडकळीस आलेले वृद्ध दांपत्य, दुसऱ्याच्या पेढीवर तुटपुंज्या पगारात हिशेब लिहिणारा गृहस्थ, पापड-बिबड्या लाटून मुलांचे शिक्षण करणारी विधवा भगिनी, अशी माणसे आपल्या आसपास असतात. त्यांच्या हाती शिधापत्रिका असते. परंतु खानदेशात ज्याला सर्रास ‘कंट्रोल’ म्हणतात, त्या दुकानाच्या रांगेत उभे राहताना ती चारचौघांची नजर चुकवतात. हा संकोच आधी दूर व्हावयास हवा.

हक्क आहे, भिक्षा नव्हे

‘कंट्रोल’ हा शब्द दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील नियंत्रित धान्यवाटपाची आठवण आहे. १९७२ च्या दुष्काळात याच दुकानांतून आलेली परदेशी तांबडी ज्वारी, म्हणजे मिलो, जुन्या पिढीला आजही आठवते. ती ज्वारी खाऊन महाराष्ट्रातील असंख्य कुटुंबे तगली. त्यात कोणालाही कमीपणा आला नाही. आज तर ही व्यवस्था कायद्याने बांधलेली आहे. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ साली झाला आणि महाराष्ट्रात १ फेब्रुवारी २०१४ पासून तो लागू झाला. ग्रामीण लोकसंख्येच्या ७५ टक्के आणि नागरी लोकसंख्येच्या ५० टक्क्यांपर्यंत लोकांना हा कायदा सवलतीच्या धान्याचा अधिकार देतो. अंत्योदय कुटुंबाला महिन्याला ३५ किलो धान्य मिळते. प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीला ५ किलो. १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य विनामूल्य आहे आणि १ जानेवारी २०२४ पासून पुढील पाच वर्षे ते तसेच ठेवण्याचा निर्णय झालेला आहे. प्राधान्य कुटुंबांसाठी महाराष्ट्राने वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ४४ हजार आणि शहरी भागात ५९ हजार रुपये ठरविली. विशेष म्हणजे या कायद्यानुसार शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून घरातील अठरा वर्षांवरील सर्वांत ज्येष्ठ स्त्रीची नोंद होते. घराचे अन्न ज्या हातांनी शिजते, त्या हातांतच त्याचा अधिकारही सोपविलेला आहे.

पोते भरले, ताट भरले काय?

तथापि धान्य मिळाले म्हणजे आहार मिळाला, असे समजणे ही फसगत ठरेल. थोडा हिशेब करून पाहू. महिन्याला माणशी ५ किलो म्हणजे दिवसाला सुमारे १६५ ग्रॅम धान्य. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत दोन हजार उष्मांकांच्या दिवसभराच्या आहारात २५० ग्रॅम तृणधान्ये, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये, ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे, ३०० मिलिलिटर दूध आणि ३५ ग्रॅम दाणे-बिया असे प्रमाण सांगितले आहे. म्हणजे शिध्यातून तृणधान्यांचा दोन-तृतीयांश भाग भागतो. डाळ, भाजी, फळ आणि दूध यांचा मात्र या नियमित शिध्यात काहीच भाग नाही.

पोट भरते आणि शरीर उपाशी राहते, ते याच ठिकाणी. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रियांमध्ये आणि पाच वर्षांखालील सुमारे ६९ टक्के बालकांमध्ये रक्तक्षय आढळला. केवळ पोळी-भात आणि चहा यांवर दिवस काढणाऱ्या घरात हा आजार दबक्या पावलांनी येतो. आई थकते, मुलाचे अभ्यासात लक्ष लागत नाही, आणि कारण मात्र कोणाच्या ध्यानात येत नाही.

म्हणूनच या लेखाचे मुख्य सांगणे एवढेच: धान्य विनामूल्य मिळाल्यामुळे जो पैसा वाचतो, तो डाळीचा, भाजीचा आणि ताकाचा पैसा आहे. तो बिस्किटे, फरसाण, वेफर्स किंवा शीतपेये यांवर गेला, तर शासनाने दिलेले अर्धे ताट अर्धेच राहील.

कळण्याने दिलेले प्रमाण

किती डाळ घ्यावी, याचे उत्तर शोधायला दूर जावयास नको. खानदेशातील कळण्याची भाकरी सर्वांना परिचित आहे. ज्वारीत सालीचा काळा उडीद मिसळून दळतात. सर्वसाधारणपणे चार वाटे ज्वारीला एक वाटा उडीद. तृणधान्यांत लायसिन हा प्रथिनांचा घटक कमी असतो, तो डाळींत विपुल असतो. डाळींत जे उणे असते ते तृणधान्य भरून काढते. दोन्ही एकत्र आली म्हणजे प्रथिन पूर्णत्वास जाते. आपल्या आजी-पणजींना यातील शास्त्रीय परिभाषा ठाऊक नव्हती; प्रमाण मात्र अचूक ठाऊक होते.

हेच प्रमाण शिध्याला लावावे. माणशी ५ किलो धान्यामागे किमान सव्वा किलो डाळ-कडधान्य. पाच माणसांच्या घराला २५ किलो शिधा मिळत असेल, तर सव्वासहा किलो. ही मात्रा दिवसाला माणशी चाळीस ग्रॅमच्या आसपास जाते. आदर्श प्रमाणाच्या ती निम्मीच आहे. पण येथून आरंभ करता येतो. तूर महाग असेल त्या महिन्यात हरभरा, मठ, चवळी, मूग यांकडे वळावे. एकाच डाळीचा हट्ट धरणे हे जिभेचे काम, आरोग्याचे नव्हे.

वापराच्या रीतीही आपल्याच आहेत. चार किलो गव्हात एक किलो हरभरा घालून दळले, तर रोजची पोळीच सकस होते. पीठ चाळून कोंडा टाकू नये. शिध्याचा तांदूळ जाडसर असतो. खिचडीसाठी तो उत्तम. दोन वाट्या तांदळाला एक वाटी डाळ घेतली म्हणजे संध्याकाळचे, सूर्यास्तापूर्वी सहज उरकणारे पूर्ण जेवण तयार होते. वरणबट्टी, पातोड्या, तुरीच्या डाळीचे वाफवलेले फुणके, हे सारे कमी खर्चाचे आणि प्रथिनयुक्त पदार्थ होत. मोड आलेली कडधान्ये ज्या घरांत चालत नाहीत, त्यांनी ती काही तास भिजवून, मोड येण्यापूर्वीच शिजवावीत. पचनास तीही हलकी होतात. द्विदलाचा नियम पाळणाऱ्यांनी कढीचे ताक आधी चांगले तापवून मगच त्यात बेसन मिसळावे. नियमही राहतो आणि पोषणही.

भाजी: कंदमुळाविना, खर्चाविना

कांदा-बटाटा वर्ज्य म्हणजे स्वस्त भाजी संपली, अशी तक्रार कधी कधी ऐकू येते. आपण केळीच्या प्रदेशात राहतो, हे ती तक्रार विसरते. कच्च्या केळ्याची भाजी, केळ्याचे काप, केळ्याची टिक्की, बटाट्याचे बहुतेक काम कच्चे केळे करते. तांबडा भोपळा, दुधी, गिलके, दोडके, गवार, शेवग्याच्या शेंगा, या खानदेशच्या आठवडे बाजारांतील नेहमीच्या भाज्या. जळगाव भरिताच्या वांग्यांसाठी प्रसिद्ध असले, तरी अनेक जैन घरांत वांगे वर्ज्य असते. त्यांना या भाज्यांचा पुरेसा आधार आहे. ज्यांना पालेभाजी चालते, त्यांनी ज्या दिवशी ती वर्ज्य नसेल त्या दिवशी शेवग्याचा पाला, अंबाडी, मेथी आवर्जून करावी. शेवग्याचे झाड अंगणात असले तर पाल्याला पैसाही पडत नाही.

तिथींना आणि चातुर्मासात पालेभाजी बंद झाली की ताट फिके पडते. तेथे पुन्हा कडधान्य उपयोगी येते. उसळ, मेथीदाण्याची भाजी, शेंगदाणे आणि तीळ यांची चटणी, गुळ-शेंगदाण्याचा लाडू. सोबत लिंबाची फोड, आवळा किंवा पेरू असावा. धान्य-डाळीतील लोह शरीरात शोषले जाण्यास ‘क’ जीवनसत्त्व साहाय्य करते. याउलट जेवणासोबत घेतलेला चहा त्यास अडथळा करतो. चहा जेवणानंतर तास-दीड तासाने घ्यावा. या एका सवयीला एक पैसाही खर्च नाही.

त्या वेगळ्या दाण्यांविषयी

शिध्याच्या तांदळात काही दाणे वेगळे दिसतात, पाण्यावर तरंगतात. ‘प्लास्टिकचा तांदूळ’ म्हणून अनेक गृहिणी ते वेचून टाकतात. तसे करू नये. ते पोषणमूल्यवर्धित दाणे आहेत. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि ‘ब-१२’ जीवनसत्त्व मिसळून त्यांना तांदळाचा आकार दिलेला असतो, आणि साधारण शंभर दाण्यांत एक या प्रमाणात ते मिसळले जातात. तांदूळ एक-दोनदा हलक्या हाताने धुवावा आणि बेताच्या पाण्यात शिजवावा. पेज ओतून देऊ नये.

मात्र तेवढ्यावर निश्चिंत राहणेही बरे नव्हे. अशा एक किलो तांदळात ‘ब-१२’ साधारण एक मायक्रोग्रॅम असते. महिन्याला माणशी तीन किलो तांदूळ धरला, तर दिवसाला एका मायक्रोग्रॅमचा दहावा भाग मिळतो. प्रौढ व्यक्तीची गरज मात्र दोन मायक्रोग्रॅमच्या आसपास आहे. शुद्ध शाकाहारी घरात या जीवनसत्त्वाचा मुख्य स्रोत दूध, दही, ताक हाच. म्हणून घरात दूध थोडे येत असेल, तर ते सगळे चहात न घालता त्यातले काही मुलांना, गर्भवतीला आणि वृद्धांना द्यावे. हातापायांना मुंग्या, सततचा थकवा, विसरभोळेपणा अशी लक्षणे असल्यास सरकारी रुग्णालयात तपासणी करून घ्यावी.

धान्य सांभाळणे हीही जयणा

शिध्याच्या धान्यात कधी खडे, कधी सोंडे आढळतात. धान्य आणल्याबरोबर निवडून, चाळून घ्यावे. जीव आढळल्यास तो सावलीत, सुरक्षित जागी अलगद सोडावा. नंतर धान्य कोरडे करून घट्ट झाकणाच्या कोठीत ठेवावे. निवडलेल्या गव्हाला एरंडेलाचा हात लावण्याची जुनी रीत आजही उपयुक्त आहे. कीड होऊच दिली नाही, तर हिंसेचा प्रसंगच येत नाही. एकदम महिन्याचे दळण न आणता थोडे थोडे दळावे. पिठाची मर्यादा पाळली जाते आणि पीठ ताजेही राहते.

दुकानात यंत्रावर अंगठा दिल्यावर निघणारी पावती अवश्य घ्यावी व माप पडताळावे. धान्य कमी मिळाले तर १९६७ या शासकीय क्रमांकावर तक्रार करता येते. कामासाठी सुरत, पुणे किंवा अन्यत्र राहावे लागत असेल, तर ‘एक देश, एक शिधापत्रिका’ व्यवस्थेखाली तेथील दुकानातूनही धान्य उचलता येते. सहा वर्षांखालील बालके, गर्भवती व स्तनदा माता यांना अंगणवाडीतून पूरक आहार मिळतो. शासकीय व अनुदानित शाळांत आठवीपर्यंतच्या मुलांना दुपारचे भोजन मिळते. हे सारे एकाच हक्काचे भाग आहेत.

आणि हक्काला मर्यादाही असते. शिध्याचा तांदूळ व्यापाऱ्याला विकणे, मृत व्यक्तीच्या नावाचे धान्य उचलत राहणे, उत्पन्न वाढल्यावरही पत्रिका धरून ठेवणे, हे अचौर्याच्या व्रतात बसत नाही. तो घास दुसऱ्या कोणाच्या तरी ताटातला असतो.

समाजाने काय द्यावे?

अखेरचे निवेदन समर्थ वाचकांना. पर्युषणात, दिवाळीत आपल्या संस्था गरजू साधर्मिकांना मदतीचे संच देतात. त्यांत बहुधा गहू, तांदूळ आणि साखर असते. ज्या घरात शासनाचे धान्य आधीच येत आहे, तेथे आणखी गहू नेऊन काय साधणार? त्याऐवजी तूर, मूग, हरभरा द्यावा. शेंगदाणे, तीळ, गूळ द्यावा. शक्य असल्यास एखाद्या घराचे महिन्याचे अर्धा लिटर रोजचे दूध गवळ्याकडे परस्पर भरून ठेवावे. खर्च तोच, पण त्याने उरलेले अर्धे ताट भरेल. आणि हे देताना छायाचित्र काढू नये, नाव वाचून दाखवू नये. घेणाऱ्याची मान ताठ राहिली, तरच ते वात्सल्य.

शिधापत्रिका असलेल्या भगिनींनी या महिन्यात एवढेच करावे: शिधा घरी आणल्यावर कोठीशेजारी डाळीचा डबा ठेवावा आणि धान्याच्या चौथ्या हिश्श्याएवढा तो भरला आहे की नाही, हे पाहावे. तो रिकामा असेल, तर इतर कोणत्याही खरेदीआधी तो भरावा.