डोकी मोजून आलेला रस्ता

कोकणातल्या गावांची मोठी वाट आधी समुद्रातून जायची. हर्णै, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला या बंदरांना मुंबईच्या आगबोटी लागत आणि गिरणीत, गोदीत काम शोधणारे त्यांतूनच जात. पावसाळ्यात बोटी बंद. त्या महिन्यांत चाकरमानी आणि घर यांना जोडून ठेवीत ती पत्रं आणि मनीऑर्डरी.

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. पुढच्या काही दशकांत लाल गाडी कोकणातही खोलवर शिरली. वस्तीची गाडी हे तिचं सगळ्यात आपलं रूप. संध्याकाळी यायची, चालक-वाहक गावातच मुक्काम करायचे आणि पहाटे तीच गाडी शाळकरी पोरं, कोर्टकचेरीवाले, भाजीच्या टोपल्या घेऊन तालुक्याला निघायची. पण इथलं गाव एका जागी नसतं. ते वाड्यावाड्यांत विखुरलेलं. एसटी तिठ्यापर्यंत. पुढे पाखाडी, साकव आणि चढण. आजाऱ्याला डोलीतून खाली आणायचं.

२५ डिसेंबर २००० रोजी प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली. तिचा निकष लोकसंख्येचा होता: सपाटीवर ५०० लोकांची वस्ती, डोंगरी राज्यांत आणि आदिवासी भागांत २५०. सह्याद्रीच्या कुशीत असूनही महाराष्ट्र काही त्या डोंगरी राज्यांत मोडत नाही. जवळजवळच्या वस्त्यांची बेरीज करायची मुभा होती. तरी पन्नास-साठ उंबऱ्यांची एकटी वाडी या हिशेबात मागेच राहणार.

त्याच सुमारास इथली डोकीही कमी होत होती. २००१ ते २०११ या दशकात राज्याची लोकसंख्या सुमारे १६ टक्के वाढली. रत्नागिरी जिल्ह्याची मात्र १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली आणि सिंधुदुर्गाची ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर. दोन्ही मिळून लाखभर माणूस घटला. रत्नागिरीत २०११ साली हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. कमावता पुरुष बाहेर, हे या एका आकड्यात दिसतं.

२६ जानेवारी १९९८ पासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. रेल्वेने माणसं नेली, असं म्हणणं सोपं आहे, पण ती तिच्या कितीतरी आधीपासून जात होती. रेल्वेने गणपती-शिमग्याला येणं सुकर केलं. गावात राहून पोट भरेल असं काम तिला आणता आलं नाही, आणि ते तिच्याकडून मागणंही चुकीचं. बरं, स्टेशन ते वाडी हा शेवटचा टप्पा अजून रिक्षावाल्याच्या मर्जीवर आहे.

आता बऱ्याच वाड्यांपर्यंत डांबर पोचलं आहे, आणि अडचण उलटी झाली आहे. प्रवासी कमी, म्हणून भारमान कमी. भारमान कमी, म्हणून फेरी बंद. फेरी बंद, म्हणून उरलेल्यांतलेही काही तालुक्याच्या गावी खोली घेतात. २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना एसटीत मोफत प्रवास आहे, २०२३ पासून स्त्रियांना अर्धं तिकीट. गावात राहिलेत ते मुख्यतः हेच दोघे. पण गाडीच येत नसेल, तर सवलत कुठे वापरायची?

पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. नवे आकडे आले की त्यांवरूनच पुन्हा रस्ते आणि फेऱ्या ठरतील. तेव्हा माणसं किती एवढंच पाहू नये. ती कोण आहेत, हेही पाहावं. स्वतःचं वाहन नसलेली म्हातारी, डायलिसिसला जाणारा रुग्ण, आठवीनंतर दुसऱ्या गावी शिकणारी मुलगी यांच्यासाठी दिवसाला किमान दोन फेऱ्या, त्याही दवाखान्याच्या आणि शाळेच्या वेळेला, भारमान न पाहता चालवल्या पाहिजेत. ग्रामसभांनी आतापासून हा ठराव करून आगाराकडे पाठवावा.